कडी वर हवी

कार्तिक वद्य ४, गुरुवार. शके १८३४

आलं एकदाचं! महिनाभर ज्याच्या नावाचा जप चालला होता ते यंत्र आज मुंबईहून टपालानं आलं. डबी उघडली तर काय — घड्याळ! तेही वेळ न सांगणारं. म्हटलं, कचेरीला शोभेलसं आहे.

नाव पेडोमीटर. कमरेला अडकवून चालायचं, म्हणजे किती मैल चालणं झालं ते काटा दाखवतो. जव्हारपासून मोखाड्याच्या हद्दीपर्यंतचा रस्ता नव्यानं मोजायचाय आणि साखळी ओढायला माणूस मिळत नाही, सगळे खळ्यावर झोडणीला. तेव्हा कारभारीसाहेबांनी डोकं लढवलं — ओव्हरसियरचीच साखळी करा! ओव्हरसियर म्हणजे आमची स्वारी. छाती इतकी फुगली होती की बंडीची गुंडी तुटते का काय!

आत्याबाईंच्या तोंडी नाव बसेना. पेढेमीटर म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट. स्वारीला लहानाचं मोठं केलं त्यांनी, त्यामुळे निकालावर अपील नाही. पेढेमीटर ऐकून धाकली फिसकन हसली आणि बोलणी खाल्ली. धाकली माझी जाऊ. खरं नाव काही का असेना, ह्या घरात ती धाकलीच. भावजी ठाण्याला कोर्टात उमेदवारी करतात, त्यांचं बिऱ्हाड होईतो ती आमच्याकडे. सतरा वर्षांची. हसू आलं की आवरत नाही हा तिचा एकच दोष. आत्याबाईंच्या मते बाकीचे सगळे दोष त्यातूनच फुटतात.

कार्तिक वद्य ५, शुक्रवार

आज पाऊल बांधायचा सोहळा! यंत्राला म्हणे आधी धन्याचं पाऊल शिकवावं लागतं. आखूड चालणाऱ्याचा मैल निराळा, ढांगा टाकणाऱ्याचा निराळा. परसात फीत टाकून दोन दगड रोवले. स्वारी चालणार, मी फीत धरणार, धाकली पावलं मोजणार. नेहमीसारखं चालायचं, असं स्वतःलाच बजावणं झालं आणि त्या क्षणापासून नेहमीसारखं चालणं संपलं. एकदा बगळ्यासारखं, एकदा वरातीतल्यासारखं. दर खेपेला मोजणी वेगळी! ठपका शेवटी कुणावर? परसावर. उतार आहे म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं — म्हण ऐकली होती, डोळ्यांनी आज पाहिली.

धाकली विहिरीमागे जाऊन हसून आली.

अखेर बारीक किल्लीनं आतला खिळा फिरवून पाऊल बसवलं. माझं पाऊल कोणी मोजलं नाही. सप्तपदीला सात मोजली होती भटजींनी, त्यानंतर बारा वर्षांत चौकशी नाही.

कार्तिक वद्य ७, रविवार

सुट्टी म्हणून आज यंत्राच्या सेवेचं शास्त्र सांगणं झालं. सेवा कोणाकडे हे विचारायची गरज नव्हती. सकाळी मी ते कमरेच्या पट्ट्याला लावायचं. संध्याकाळी काढायचं, काटा कुठे आहे ते वाचून सांगायचं, बोंड दाबून काटा शून्यावर आणायचा, मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवायचं. ओला हात लावायचा नाही. चुलीचा धूर लागू द्यायचा नाही. आपटलं तर बघायलाच नको.

आणि सर्वांत मोठा मंत्र — कडी वर हवी! आत एक लंगर आहे. पाऊल पडलं की तो हिंदकळतो आणि काटा सरकतो. यंत्र आडवं लागलं, कडी बाजूला गेली, की लंगर झोपतो. मग काशीला पायी जाऊन आलात तरी काटा जागचा हलायचा नाही. हे मला पाच वेळा ऐकवलं. सहाव्यांदा मीच म्हणून दाखवलं, तर तोंड चालतं म्हणून वर शेरा!

मागच्या साली मी आठ दिवस तापानं पडले होते. तेव्हा कडी वर आहे की खाली, कोणी विचारलं नव्हतं.

कार्तिक वद्य ९, मंगळवार

संध्याकाळी देवळात पुराणाला जाऊन आले. आत्याबाई पुराणात झोपल्या, मला झोपही आली नाही. धाकली डोकं दुखतं म्हणून घरी राहिली, सुटली.

स्वारी दिवसभर कचेरीत नकाशे काढत बसली होती. यंत्र काढून काटा पाहते तर चार मैलांवर! बसल्या जागी चार मैल! म्हटलं, टेबलाखाली पाय हलवायची खोड आहे ना, ती भोवली. तर इकडून एकदम तुटक म्हणणं झालं की यंत्र बिघडलंय. पाच दिवसांत? मुंबईचा माल!

कार्तिक वद्य १०, बुधवार

आज मी कणीक मळत असताना आत्याबाई माळ घेऊन समोर बसल्या. यंत्र पावलं मोजतं म्हणजे सगळीच मोजतं का? वाकडं पाऊलही? असं अगदी गंभीरपणे विचारलं. माझी जीभ! म्हटलं, हो तर, त्यासाठीच केलंय ते. सरळ पावलाला काटा गप्प, वाकडं पडलं की पुढे!

त्यांनी माळ थांबवली. मग आमच्या बापूचा काटा रोज पुढे कसा, म्हणाल्या. आता आली का पंचाईत! पण मी कुठली ऐकते? म्हटलं, पुरुषांचं निराळं, आत्याबाई. त्यांची वाकडी पावलंसुद्धा रस्त्याच्या कामात धरतात.

हे त्यांना तत्काळ पटलं! एवढं पटलं की पुन्हा शंका काढली नाही. मी पदराआड हसले, धाकली तर माजघरात लोळली.

कार्तिक वद्य १४, शनिवार

आज हसणं बंद.

दुपारी शेजारच्या गौराबाई आल्या, खजिन्यातल्या कारकुनाच्या. पदर तोंडाशी, आवाज बारीक — म्हणजे काहीतरी मोठं घेऊन आल्या हे समजलं. मंगळवारी देवीहून उशिरानं परतत होत्या, तर गावाबाहेर शिरपामाळच्या वाटेवर तिन्हीसांजेला आमची धाकली! आणि बरोबर पुरुष! पुरुष कोण? ते दिसलं नाही म्हणे, पाठमोरा होता, थंडीचं उपरणं कानावरून गुंडाळलेलं. पुरुष कोण ते कधीच दिसत नाही. बाई मात्र काळोखातही काठापदरासकट दिसते!

बाईचं तोंडही दिसलेलं नाहीच. दिसलं ते लुगडं. जांभळं, नारळी काठाचं. दिवाळीला स्वारीनं येवल्याहून धाकलीसाठी आणलेलं. असलं लुगडं अख्ख्या जव्हारात दुसरं नाही, हे आत्याबाईंनीच घरोघर जाऊन सांगितलेलं. झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला!

आत्याबाईंनी धाकलीला उभं केलं. मंगळवारी तू घरात होतीस? होते. कोणी पाहिलं? कोणी नाही. आम्ही दोघी पुराणाला. डोकं दुखायलाही मुहूर्त पाहावा लागतो, तो पोरीनं पाहिला नाही.

लुगडं आत्याबाईंनी धाकलीच्या ट्रंकेत ठेवलं. कुलूप, किल्ली त्यांच्याकडे.

मार्गशीर्ष शुद्ध १, सोमवार

हायकोर्टाचा निकाल: माहेरी धाडायचं. भावजींना पत्र जायचं आणि मग बिऱ्हाडबिऱ्हाड सगळं विसरायचं. तिचं माहेर म्हणजे भाऊ-भावजय. वडील नाहीत, आई नाही. तिथं ती उभी राहील ती चुलीपुढे, आणि जन्मभर.

मी इकडे पदर पसरला. खरंच पसरला, लिहायला लाज नाही. म्हटलं, तुम्ही एक शब्द बोला, तुमचं आत्याबाई ऐकतील. तर म्हणणं झालं की बायकांच्या भानगडीत आपण पडत नाही, पत्र मात्र महिनाअखेरीस लिहू, घाई नको. रस्ता एका पावलानं चुकला तर रात्रभर झोप नाही. इथं माणूस चुकतंय, तर घाई नको!

नवशी भांडी घासत सगळं ऐकत होती. सूर्यमाळकडची, आमच्याकडे दोन वर्षं आहे. राख हातात तशीच ठेवून म्हणाली, "आमच्यात नवरा नको झाला त बाईच निंघून जाते, बाय. लग्नात घेतलेला देज परत दिला का सुटली. पाय मोजीत कोन बसतं?"

आम्ही सुधारलेले. आम्ही बसतो.

मार्गशीर्ष शुद्ध २, मंगळवार

माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच! आज आत्याबाईंनी गौराबाईंदेखत जाहीर केलं — गुरुवारी धाकलीला न्हाऊ घालून पेढेमीटर लावायचं. विहिरीपासून तुळशीपर्यंत चालवायचं. काटा गप्प राहिला तर पोर घरात, हलला तर त्याच रात्री गाडी.

मी म्हटलं, अहो, ती माझी थट्टा होती. काटा कुणाच्याही पावलानं हलतो! आत्याबाई थंडपणे म्हणाल्या, "आता तिला वाचवायला बोलते आहेस. त्या दिवशी खरं बोललीस." खोटं बोलले ते खरं ठरलं, खरं बोलले ते खोटं. वकिलाच्या घरी पडले असते तर नाव काढलं असतं!

स्वारी हद्दीवर मोजणीला. उद्या रात्री येणार. आल्यावर हसून यंत्राचं शास्त्र सांगितलं तर आत्याबाई परीक्षा रद्द करतील आणि सरळ गाडी बोलावतील. काटा हलला तरी गाडी. दोन्हीकडून गाडीच.

मार्गशीर्ष शुद्ध ३, बुधवार

धाकली दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी दिव्याच्या वाती वळताना जवळ येऊन बसली. तिला वाटतं यंत्र खरंच वाकडं पाऊल ओळखतं! माझी थट्टा तिनं हसून लोळून ऐकली होती, आणि आता तिलाच खरी वाटते. भीती वाटली की माणूस काहीही खरं धरतो. मी सांगायला गेले तर ऐकेना.

मग हळूच म्हणाली, "मी गेले होते एकदा शिरपामाळला, अक्का. श्रावणात, नवशीबरोबर. नुसतं वारं खायला. ते वाकडं धरेल का ते?"

तिचे पाय पदराखाली ओढून घेतलेले, जणू पायांचाच गुन्हा. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ते माझ्यावर सोड. यंत्राची सेवा माझ्याकडे आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ४, गुरुवार

झालं!

परसात गर्दी म्हणजे आम्हीच, पण आत्याबाईंनी पाट मांडला, समई लावली, गौराबाईंना मानाची जागा. स्वारी मागल्या ओटीवर खुर्ची टाकून बसलेली. मला तीच धास्ती. ज्या माणसाला भिंतीवरची तसबीर तसूभर तिरकी खपत नाही, तो गप्प बसेल?

यंत्र मी लावलं. दुसऱ्या कोणाला लावता येत नाही, बरं झालं! धाकलीच्या कमरेला पट्टा बांधला, यंत्र अडकवलं, आणि फडक्यानं पुसल्यासारखं करून फिरवलं. कडी डावीकडे. आडवं.

मान वर केली तर इकडची नजर यंत्रावर. मग माझ्यावर. आता उठणार, आता शास्त्र सांगणार. तर खिशातून तपकिरीची डबी काढणं झालं आणि आभाळाकडे बघत चिमूट ओढणं झालं.

धाकली चालली. विहीर ते तुळस, तुळस ते विहीर. एकदा पडता पडता सावरली. आत्याबाई दर फेरीला वाकून बघत. काटा शून्यावर! समईसारखा स्थिर! आत्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. खाष्ट बाई, पण मनातून त्यांनाही पोर जायला नको होती, हे मला आजच समजलं.

गौराबाईंचं मात्र समाधान होईना. यंत्र बंद पडलं असेल म्हणाल्या. मी यंत्र सोडून त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, मग तुम्हीच लावून चार पावलं चाला ना, खात्री होईल. ह्यावेळी कडी वर ठेवायला मी एका पायावर तयार होते! त्यांना एकाएकी चुलीवरचं दूध आठवलं. गेल्या त्या गेल्या.

आत्याबाईंनी ओटीकडे पाहून विचारलं, खरंच बंद तर नाही ना रे बापू? आणि इकडून, माझ्याकडे न बघता, उत्तर देणं झालं, "नाही आत्या. यंत्र बिघडलेलं नाही."

बारा वर्षं मी ह्या माणसाला नावं ठेवली. आज मोजमापाचा एवढा कडवा माणूस माझ्या धाकलीसाठी खोटं मोजमाप गिळून बसला. तिची बाजू मांडली नाही, पण आडवी कडी पाहून उघडही केली नाही. त्याच्या हिशेबी ते केवढं मोठं! रात्री पान वाढताना तूप जरा जास्तच पडलं. पडू दे.

मार्गशीर्ष शुद्ध ५, शुक्रवार

धाकली आज हसली. दूध उतू गेलं म्हणून. आत्याबाई रागावल्या नाहीत!

मार्गशीर्ष शुद्ध ६, शनिवार

चंपाषष्ठी. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून आत्याबाईंनी यंत्रालाही दाखवला! वर गंध, फूल, अक्षता. काचेच्या फटीत अक्षत अडकली आणि यंत्र हलवलं की खुळखुळ वाजायला लागलं. इकडून डोक्याला हात लावणं झालं. मी अर्धा तास सुईनं तांदूळ काढत बसले. सेवेच्या शास्त्रात हे कलम नव्हतं.

आत्याबाईंचा नवा हुकूम: देवाचं यंत्र आहे, बापूनं ते लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कचेरीत गेला तरी कमरेला हवं. म्हटलं, गळ्यात ताईत नाही तर कमरेला पेढेमीटर! इकडे फारसं हसू आलं नाही.

ट्रंकेची किल्ली धाकलीला परत मिळाली. पण ते जांभळं लुगडं ती नेसणार नाही म्हणते. तळाशी घालून ठेवलंय.

मार्गशीर्ष शुद्ध ८, मंगळवार

नवशी सकाळी येता येता बडबडत आली. धाकल्या बायचं लुगडं कुनाला दिलात, म्हणून. कुणालाच नाही, का गं? तर म्हणे शिरपामाळच्या वाटेला जे नवं कौलारू घर झालंय तिथं वाळत घातलंय, तेच जांभळं, त्याच काठाचं. घरात कोण? एक बाई, नाशिककडची, एकटीच.

असेल. येवल्याच्या विणकरानं आमच्या दिवाळीपुरतं एकच थोडं विणलं असेल! फुशारकी आत्याबाईंची, विणकराची नव्हे. तरी मी ट्रंक उघडून पाहिली. धाकलीचं तळाशी आहे, जसंच्या तसं. दुपारी पुन्हा एकदा पाहिली. कशाला, देव जाणे.

म्हणजे गौराबाईंनी जी पाहिली ती त्या घरातली बाई! धाकलीचं नाव आता समूळ धुतलं जाईल, ह्या आनंदात रात्री जेवताना मी हे सांगितलं. आत्याबाईंनी देवाला हात जोडले. इकडून मीठ मागणं झालं. मीठ पानात होतं.

मार्गशीर्ष शुद्ध १०, गुरुवार

आज दिवसभर कचेरीतच, म्हणून सांगणं झालं. मी नेहमीसारखी यंत्र घेऊन पुढे झाले. "राहू दे, मी लावतो."

आणि लावलं. मला शिकवून शिकवून ज्यांचा घसा बसला होता त्यांनी, आपल्या हातानं — आडवं.

दारात धाकली रांगोळी घालत होती. तिनं आदबीनं हात आखडून वाट दिली.

त्या मंगळवारी यंत्र बिघडलेलं नव्हतं.